रक्षक प्रथिनांचा अतिरेक आणि सांध्यांचे विकार

बारामती व इंदापूर तालुक्यांतील कालव्याखालच्या गावांनी एक अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या अवर्षणग्रस्त भागात आले आणि जमीन उसाने बहरली. परंतु जेथे पाण्याचा निचरा झाला नाही, तेथे तीच जमीन पाणथळ व क्षारपड बनली. दोष पाण्याचा नव्हता. ते वेळीच न थांबण्याचा होता. शरीराच्या रोगप्रतिकारक व्यवस्थेतही असेच एक उदाहरण आढळते. ते म्हणजे इंटरफेरॉन व त्याच्या प्रेरणेने निर्माण होणारी प्रथिने होत.

इंटरफेरॉनचे कार्य

१९५७ मध्ये लंडन येथे अ‍ॅलिक आयझॅक्स व जीन लिंडेनमन या शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या अंड्यातील पापुद्र्यांवर इन्फ्लुएंझाच्या विषाणूचे प्रयोग केले. विषाणूचा संपर्क झालेल्या पेशी एक पदार्थ बाहेर टाकतात व त्यामुळे इतर पेशी संसर्गाला तोंड देण्यास सज्ज होतात, असे त्यांना दिसून आले. या पदार्थास त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिले.

इंटरफेरॉन स्वतः विषाणूचा नाश करीत नाही. त्याचा संदेश पेशीकेंद्रापर्यंत पोहोचला की शेकडो जनुके कार्यान्वित होतात आणि त्यांपासून विविध प्रथिने तयार होतात. काही प्रथिने विषाणूच्या आरएनएचे तुकडे करतात, काही पेशीतील प्रथिननिर्मिती तात्पुरती थांबवितात, तर काही पांढऱ्या पेशींना संसर्गाच्या जागी पाचारण करतात. ताप, अंगदुखी व थकवा ही या लढ्याचीच चिन्हे होत. संसर्ग हटताच ही यंत्रणा शांत होणे अपेक्षित असते.

रक्षणाकडून दाहाकडे

काही व्यक्तींत ती शांत होत नाही. मृत पेशींतून बाहेर पडलेला स्वतःचाच डीएनए किंवा आरएनए परका समजला जातो, इंटरफेरॉन सतत पाझरत राहते आणि शरीर स्वतःच्याच ऊतींवर आघात करू लागते. ल्युपस हा असाच स्वयंप्रतिकार विकार असून त्याच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात. या विकाराच्या अनेक रुग्णांच्या रक्तपेशींत इंटरफेरॉन-प्रेरित जनुके एकाच वेळी जागृत असल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी २००३ मध्ये दाखविले. यकृतदाहावर उपचार म्हणून इंटरफेरॉन दिलेल्या काही रुग्णांत ल्युपससारखी लक्षणे उद्भवली होती, हेही या संबंधाचे द्योतक आहे.

तापानंतरची सांधेदुखी

इंदापूरलगतच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ मध्ये चिकुनगुन्याची साथ उद्भवली होती. दीर्घ विरामानंतर २००६ मध्ये हा रोग महाराष्ट्रात पुन्हा मोठ्या प्रमाणावर पसरला. या तापात इंटरफेरॉनच विषाणूला प्रथम आवर घालते; तथापि काही रुग्णांत सांध्यांचा दाह कित्येक महिने टिकतो. म्हणून सांधेदुखी म्हणजे तापाचाच अवशेष, असा समज ग्रामीण भागात रूढ झाला आहे. या समजात ल्युपस व संधिवाताभ दाह यांसारखे विकार झाकले जाण्याचा संभव असतो. गालांवरील चट्टा वांग समजला जातो, थकव्यास आळस म्हटले जाते, आणि तोवर मूत्रपिंडास इजा पोहोचलेली असते.

सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकणारी सांध्यांची सूज, सकाळी बोटे आखडणे, उन्हाने वाढणारा चेहऱ्यावरील लाल चट्टा, तोंडातील व्रण व पायांवरील सूज ही लक्षणे दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात व ल्युपसचा दाह भडकतो; त्यामुळे ऊसतोडणी व खुरपणी करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत विशेष जागरूकता हवी.

उपचार व गावाचे कर्तव्य

या विकारावर उपचार उपलब्ध आहेत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे जुने व स्वस्त औषध इंटरफेरॉनच्या निर्मितीस आळा घालते. मात्र ते घेताना डोळ्यांची नियमित तपासणी आवश्यक असते. इंटरफेरॉनचा संदेश पेशीच्या दारातच अडविणाऱ्या अ‍ॅनिफ्रोलुमॅब या औषधास अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. याउलट, वैद्यकीय देखरेखीविना घेतलेली स्टिरॉइडे तात्पुरता आराम देऊन रोग झाकतात. ती एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते.

अशा रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविणे आणि तेथून पुढील तपासणीसाठी बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत पोहोचविणे, हे काम आशा कार्यकर्ती, शिक्षक व पंचायत सदस्य सहज करू शकतात. साठविलेल्या पाण्यात डास होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळल्यास मूळ तापालाही आळा बसतो. निचऱ्याचे चर वेळीच खोदले तर जमीन वाचते. निदान वेळीच झाले तर एखाद्या तरुण मातेचे मूत्रपिंड आणि तिच्या घराची रोजी वाचू शकते.