हिवतापाची गोळी आणि गुरुवारचा निरोप



वाफसा आला, पेरणी तोंडावर आली आणि सोसायटीच्या गोदामात खत नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही. तालुक्याला गोण्या पडून असतात, शेजारच्या गावी गरजेपेक्षा जास्त उतरलेल्या असतात, पण आपल्या गावची गरज वर कोणाला कळलेली नसते. खताला आठ दिवस उशीर झाला तर पीक मागे पडते. औषधाचे तसे नाही. फाल्सिपेरम जातीचा हिवताप लहान मुलाला झाला आणि वेळेवर गोळी मिळाली नाही, तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकते.

पूर्व आफ्रिकेतील टांझानिया हा मका, भात, कसावा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा देश. तेथे बहुतेक हिवताप याच फाल्सिपेरम जातीचा असतो. त्यावर आर्टेमेथर आणि लुमेफँट्रिन या दोन औषधांची मिळून एक गोळी देतात. यातले आर्टेमेथर मुळात एका झुडपापासून येते. हे झुडूप चीनमधले. आपल्याकडे हारात-वेणीत घालतात तो सुवासिक दवणा त्याच कुळातला, त्याचा चुलतभाऊ म्हणा. (म्हणून कोणी दवण्याचा काढा करून तापावर घेऊ नये! नाते असले तरी गुण तोच नसतो.) या झुडपातला औषधी अंश शोधून काढणाऱ्या चीनच्या तू यूयू या बाईंना 2015 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

गोळ्यांची पाकिटे चार मापांची असतात: 6, 12, 18 आणि 24 गोळ्यांची. रोग्याच्या वजनाप्रमाणे पाकीट द्यायचे. अक्षरओळख नसलेल्या आईलाही चूक होऊ नये म्हणून पाकिटांचे रंग वेगवेगळे ठेवले आहेत. तान्ह्या मुलांचे पिवळे, मोठ्या माणसांचे हिरवे. तीन दिवसांत सहा वेळा गोळी घ्यायची, आणि ती दुधाबरोबर किंवा थोड्या स्निग्ध अन्नाबरोबर, कारण स्निग्ध पदार्थ पोटात असला की ती अंगी चांगली लागते.

औषध असे चांगले, पण दवाखान्याच्या कपाटात ते असेल तर ना! खेड्यातल्या आरोग्यकेंद्राचा कागद जिल्ह्याला पोचेपर्यंत साठा संपून जाई. मग आई मुलाला पाठीशी बांधून चालत यायची आणि रिकाम्या हाती परत जायची.

2009 साली टांझानियाच्या आरोग्य खात्याने काही संस्था व कंपन्यांना बरोबर घेऊन एक प्रयोग केला. लिंडी ग्रामीण, उलांगा आणि किगोमा ग्रामीण असे तीन जिल्हे निवडले. त्यांत 129 आरोग्यकेंद्रे होती आणि त्यांवर सुमारे 12 लाख लोक अवलंबून होते. केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना नवे यंत्र दिले नाही. केंद्रातल्या कर्मचाऱ्याच्या खिशात जो साधा मोबाईल होता, तोच वापरला. दर गुरुवारी त्यावर एक निरोप येई: साठा कळवा. कर्मचाऱ्याने कपाट उघडून कोणत्या रंगाची किती पाकिटे आहेत आणि क्विनीनच्या इंजेक्शनच्या किती कुप्या आहेत, ते मोजून फुकट नंबरावर उलट कळवायचे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर देणाऱ्याच्या मोबाईलमध्ये बोलण्याचे थोडे पैसे जमा होत. न देणाऱ्याला आठवण जाई. सोमवारी सगळा हिशेब जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यापुढे. मग ज्या केंद्रात जास्त आहे तेथून उचलून जेथे नाही तेथे पोचवणे त्याच्या हाती.

हा प्रयोग 21 आठवडे चालला. पहिल्या आठवड्यात 100 पैकी 78 केंद्रांत या औषधांपैकी निदान एक तरी संपलेले होते. शेवटच्या आठवड्यात असे प्रमाण 26 वर आले. लिंडी ग्रामीण जिल्ह्यात तर आठव्या आठवड्यापर्यंत एकही केंद्र रिकामे उरले नाही. निरोपांना सरासरी 95 टक्के उत्तरे आली. माणसे खोटे आकडे कळवतील, ही शंका आपल्या मनात येतेच. म्हणून प्रत्यक्ष केंद्रात जाऊन पाकिटे मोजून पाहिली. 94 टक्के आकडे बरोबर निघाले.

आता 26 हा आकडाही लहान नाही, हे विसरू नका. निरोप गोळ्या तयार करीत नाही. जिल्ह्याच्या भांडारातच माल नसेल किंवा गाडीला डिझेल नसेल, तर सोमवारचा हिशेब कितीही चोख असून उपयोग काय? मला वाटते, लिंडीत यश आले ते मोबाईलमुळे जितके, तितकेच आकडे पाहून लगेच हालचाल करणाऱ्या माणसांमुळे. शिवाय बरोबरीच्या कंपन्यांपैकी एक, नोव्हार्टिस, याच गोळ्या बनवणारी होती. तिचा त्यात काहीच स्वार्थ नव्हता असे कोणी म्हणणार नाही, पण योजना उपयोगी पडली हेही खरे. पुढे ती टांझानियात देशभर नेण्यात आली.

आपल्या देशातही याच जातीची एक व्यवस्था 2015 पासून सुरू झाली, ती लसींसाठी. तिचे नाव ई-विन. लसी 2 ते 8 अंश सेल्सिअस उष्णतामानात ठेवाव्या लागतात. लस सांभाळणारा कर्मचारी किती कुप्या आल्या, किती गेल्या ते मोबाईलवर नोंदवतो आणि तो हिशेब वर जिल्ह्याला व राज्याला दिसतो. लसीच्या शीतपेटीत एक तापमापक बसवलेला असतो. वीज जाऊन पेटी तापू लागली की त्या कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर इशारा येतो, म्हणजे लस बिघडण्याआधी ती हलवता येते. बाळाला टोचायला नेाल तेव्हा नर्सबाईंना ही पेटी दाखवायला सांगा. वेळ असेल तर त्या दाखवतील.