बीज, माती आणि तांबडा भोपळा

तांबडा भोपळा मूळचा आपला नव्हे. अमेरिका खंडातून तो इकडे आला आणि घारग्यांत, भाजीत असा मिसळला की आज त्याला कोणी परका म्हणत नाही. इतिहासाच्या शिक्षकाने त्यावर लिहावयास एवढे निमित्तही पुरले असते. परंतु या वेलीपाशी याहून मोठा प्रश्न आहे. गुण बीजातून किती येतात आणि मातीतून किती?

एकाच भोपळ्याच्या बिया परसात लावल्या, तरी एका वेलीला लांबट फळ येते, दुसरीला चपटे; कोठे गर केशरी, कोठे फिका. भोपळ्याच्या एकाच वेलीवर नर व मादी फुले वेगवेगळी येतात आणि पराग वाहणाऱ्या मधमाश्या बांधाची हद्द मानत नाहीत. म्हणून हवी तीच जोडी जुळवायची असेल, तर संशोधक आदल्या संध्याकाळी कळ्या बांधून ठेवतो आणि सकाळी स्वहस्ते परागीकरण करतो.

ही विविधता नसेल तर निवडणार काय? मात्र डोळ्यांना दिसणारा सगळाच फरक बीजाचा नसतो. शेणखत आणि पाणीही त्यात असतात. एकूण फरकापैकी जो वाटा पुढच्या पिढीत उतरतो, त्याच्या प्रमाणास आनुवंशिकता म्हणतात. समजा, मळ्यातील फळांचे सरासरी वजन ४ किलो आहे आणि निवडलेल्या नर-मादी वेलींचे ६ किलो. वजनाची आनुवंशिकता ४० टक्के असेल, तर पुढच्या पिढीची सरासरी ६ नव्हे, सुमारे ४.८ किलो अपेक्षित असते.

हे प्रमाण एका समूहाचे आणि एका परिस्थितीतले असते, हे पुष्कळदा विसरले जाते. मिसळलेल्या बियांचे दोन वाटे करा. एक पंचगंगाकाठच्या मळीच्या जमिनीत लावा, दुसरा पन्हाळ्याकडच्या मुरमाड उतारावर. प्रत्येक रानाच्या आतला फरक बराचसा बीजाचा असू शकेल. दोन रानांच्या सरासरीतले अंतर मात्र मातीपाण्याचेच. मुरमाड रानातले फळ पाहून बियाणेच हलके ठरवणाऱ्यास गावात कोणी शहाणा म्हणणार नाही. माणसांच्या बाबतीत मात्र हाच निवाडा शतकानुशतके धर्माज्ञा म्हणून चालला.

१९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात बाबासाहेबांनी जातीच्या वंशशुद्धीचा युक्तिवाद खोडून काढला. त्यासाठी त्यांनी आनुवंशशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांचा आधार घेतला, हे आपल्या कार्यकर्त्यांनाही फारसे ठाऊक नसते. त्याआधीच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मातीकडे लक्ष दिले होते : १९०२ मध्ये नोकऱ्यांतील ५० टक्के राखीव जागा, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण. आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या आजोबांना अक्षरओळख नव्हती. दोन पिढ्यांत त्या घरांतले बीज बदललेले नाही.

ज्यांना शंका असेल त्यांनी येत्या जूनमध्ये बिया दोन ठिकाणी लावून फळे तराजूत घालावीत. वाटे करण्यापूर्वी बिया नीट मिसळून घ्याव्यात, एवढे मात्र विसरू नये.