भाडेकरारावर सही करण्यापूर्वी

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. परंतु ज्यांना स्वतःचे घर बांधणे शक्य नाही, अशा असंख्य कुटुंबांना परक्याच्या घरात भाड्याने राहावे लागते. आपल्या बेळगावातून शालान्त परीक्षा देऊन बाहेर पडणारे कित्येक विद्यार्थीही पुढे शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी पुणे, मुंबई, बंगळूर अशा शहरी जातात व तेथे खोली शोधू लागतात. अशा वेळी बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : ‘भाडे किती?’ हा प्रश्न अपुरा आहे, आणि त्याचा अपुरेपणा उमगला नाही, तर वडिलांनी काटकसरीने साठविलेले पैसे पहिल्याच महिन्यात संपून जातात. म्हणून या विषयाचा थोडा विचार आपण येथे करू.

घरासाठी द्याव्या लागणाऱ्या रकमांचे चार वर्ग पडतात. पहिला वर्ग दरमहा द्यावयाच्या रकमांचा. यात भाडे तर येतेच. शिवाय इमारतीच्या देखभालीची वर्गणी, वीज, पाणी आणि वाहन ठेवण्याच्या जागेचा आकारही येऊ शकतो. दुसरा वर्ग एकदाच देऊन संपणाऱ्या रकमांचा. दलाली, मुद्रांकशुल्क, नोंदणीचा खर्च या रकमा त्यात मोडतात. तिसरा वर्ग अनामत रकमेचा, म्हणजे डिपॉझिटचा. ही रक्कम परत मिळावयाची असते. तोपर्यंत मात्र ती अडकून पडते. चौथा वर्ग घर सोडतानाच्या रकमांचा. रंगकामासाठी केलेली कपात, मुदतीपूर्वी घर सोडल्यास होणारा दंड, नोटिशीच्या काळातील भाडे हे सारे त्यात येते. सही करण्याच्या वेळी या चौथ्या वर्गाकडे सहसा कोणाचेच लक्ष जात नाही.

हे एका गणिताने स्पष्ट करू. यातील आकडे आम्ही केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. एका घराचे भाडे ८,००० रुपये, देखभालीचे १,२०० रुपये, अनामत ४०,००० रुपये, दलाली ८,००० रुपये आणि निघताना रंगासाठी कपात ४,००० रुपये आहे. दुसऱ्या घराचे भाडे देखभालीसह ९,००० रुपये आहे. त्याची अनामत १८,००० रुपये असून दलाली व कपात नाही. वरवर पाहणारा पहिलेच घर स्वस्त म्हणेल. आता ११ महिन्यांचा हिशेब मांडा. पहिल्या घराचे भाडे ८८,०००, देखभाल १३,२००, दलाली ८,००० आणि रंगकाम ४,००० मिळून १,१३,२०० रुपये होतात. दुसऱ्या घराचे अवघे ९९,००० होतात. म्हणजे ‘स्वस्त’ घर १४,२०० रुपयांनी महाग पडले! शिवाय पहिल्या घरात पाऊल ठेवण्यापूर्वी अनामत, दलाली व पहिल्या महिन्याची रक्कम मिळून ५७,२०० रुपये हाती असावे लागतात. दुसऱ्यासाठी २७,००० पुरतात. ज्या कुटुंबाची मिळकत बेताची आहे, त्याच्या दृष्टीने हा भेद लहान नव्हे.

आता कायद्याकडे वळू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे भाडेकरूने घर पूर्वीच्याच स्थितीत ठेवावयाचे असते. मात्र वाजवी वापराने होणारी स्वाभाविक झीज त्यातून वगळली आहे. तथापि त्याच कलमाच्या आरंभी एक महत्त्वाची अट आहे : करारात किंवा स्थानिक रूढीत याविरुद्ध काही नसेल, तरच हे नियम लागू होतात. तात्पर्य, आपण ज्या कागदावर सही करतो, त्यातील वाक्य कायद्याच्या या सर्वसाधारण नियमावर मात करू शकते. ‘निघताना रंगाचा खर्च भाडेकरूने द्यावा’ असे आपण लिहून दिले, तर पुढे झिजेची सबब सांगणे कठीण होते.

करार ११ महिन्यांचाच का करतात, असा प्रश्न अनेकांना पडतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी आवश्यक आहे. तो खर्च व खटाटोप टाळण्यासाठी ही प्रथा रूढ झाली. परंतु पुण्या-मुंबईस जाणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे की, महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे असा करार लेखी व नोंदणीकृतच असावा लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर असते. भाड्याची लेखी पावती देणेही त्याच्यावर बंधनकारक आहे. अनामतीविषयी म्हणावयाचे, तर केंद्र शासनाने २०२१ साली एक आदर्श भाडेकरू कायदा तयार केला. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये, असे त्यात म्हटले आहे. मात्र तो नमुना आहे. एखाद्या राज्याने त्यानुसार स्वतःचा कायदा केला, तरच तेथे तो बंधनकारक ठरतो.

मग सही करण्यापूर्वी काय करावे? वर सांगितलेल्या चारही वर्गांतील रकमा एका कागदावर मांडून मुदतीची बेरीज करावी. अनामत किती दिवसांत परत मिळेल व तिच्यातून कोणकोणत्या कारणांनी कपात होईल, हे करारात लिहून घ्यावे. भाडेवाढ केव्हा व किती, नोटीस किती दिवसांची, विजेचा मीटर स्वतंत्र की सामाईक, हेही स्पष्ट असावे. राहावयास जाण्याच्या दिवशी मीटरचा आकडा टिपून ठेवावा. भिंती, नळ, दारे-खिडक्या यांची छायाचित्रे काढावीत. पैसे देताना पावती अवश्य घ्यावी. कराराची भाषा समजत नसेल, तर जाणत्या माणसाकडून ती समजून घेण्यात कमीपणा मानू नये.

यात घरमालकावर अविश्वास दाखविण्याचा हेतू मुळीच नाही. तोंडी बोलण्याचा दोघांनाही विसर पडतो. लिहिलेले मात्र दोघांचेही रक्षण करते. विद्यार्थिमित्रहो, बेरीज-वजाबाकी आपण प्राथमिक शाळेतच शिकलो. घरात भाड्याचा विषय निघेल, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन वडीलधाऱ्यांजवळ बसा आणि तो हिशेब तुम्हीच मांडून दाखवा. शाळेत शिकलेले गणित घराच्या कामी आले, तर त्या विद्येचे सार्थक झाले असे आम्ही समजू.