डुकरिणीचा आहार आणि पिल्लांचे पहिले तीन दिवस



मंडळीत डुकरांचा विषय निघाला की काहींना संकोच वाटतो, हे मी जाणून आहे. पण भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया गोंड घरांत डुक्कर ही अडीनडीची पुंजी असते. आजारपण, लग्न, मुलांची शाळा, काहीही निघाले की एक डुक्कर विकले जाते. आपल्या देणगीतून एखाद्या बहिणीला डुकरीण मिळते, तेव्हा तिचा संसार सावरतो तो जगलेल्या पिल्लांमुळे. म्हणून हा धडा.

पिल्ले का दगावतात?

जन्मताना डुकराच्या पिल्लाच्या अंगात चरबी जेमतेम 1 ते 2 टक्के असते. अंगावर दाट केसही नसतात. त्याला 32 ते 34 अंश सेल्सिअस ऊब लागते. ती मिळाली नाही तर ते गारठते, सडापर्यंत पोहोचत नाही, उबेसाठी आईला बिलगते आणि तिच्याखाली चेंगरते. आपण आईला दोष देतो; मूळ कारण पुष्कळदा थंडी आणि भूक हेच असते. बहुतेक पिल्ले पहिल्या तीन दिवसांतच जातात.

या दिवसांत त्यांचे इंधन म्हणजे आईचे दूध. चिकात साधारण 5 ते 6 टक्के आणि नंतरच्या दुधात 7 ते 8 टक्के स्निग्धांश असतो. एक ग्रॅम पिठूळ अन्नातून 4 कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून 9. गाभणपणाच्या शेवटी आईच्या खाण्यात स्निग्धांश वाढवला, तर तो दुधात उतरतो. जिथे पिल्ले जास्त मरतात, तिथे याचा फायदा अधिक दिसतो.

काय द्यावे, कधी द्यावे?

डुकरीण सुमारे 114 दिवसांनी विते, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. लागवडीची तारीख भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. शंभराव्या दिवसापासून रोज सुमारे 100 ग्रॅम जादा स्निग्धांश द्या आणि पिल्ले पीत असेपर्यंत चालू ठेवा.

यासाठी घरातले तेल काढू नका. राईस मिलच्या ताज्या पॉलिश कोंड्यात सुमारे 15 टक्के तेल असते; 700 ग्रॅम कोंड्यात आपले 100 ग्रॅम आले. हलरच्या कोंड्यात टरफल मिसळलेले असते, त्यात तेल कमी. तेल काढून घेतलेला कोंडा या कामाचा नाही. कोंडा काही दिवसांतच खवट होतो, म्हणून थोडा-थोडा आणा किंवा भाजून ठेवा. कडवट वास आला तर देऊ नका.

उन्हाळ्यात डुकरीण कमी खाते. तेव्हाही स्निग्ध अन्न बरे, कारण ते पचताना अंगात उष्णता कमी होते.

काय टाळावे?

मोहाच्या टोळीची ढेप देऊ नका. तिच्यात सॅपोनिन हे विषारी द्रव्य असते. हॉटेलचे वारंवार तळलेले तेलही नको. सुरुवातीपासून भरमसाट खाऊ घालून डुकरीण लठ्ठ करू नका. ती अडते आणि व्यायल्यावर नीट खात नाही. आईपासून नुकत्याच तोडलेल्या पिल्लांच्या खाण्यात तेल ओतू नका. दुधातला स्निग्धांश त्यांना सहज पचतो, बाहेरचा लगेच पचत नाही.

शेवटी, आहाराने सगळे होत नाही. कोपऱ्यात कोरडे तणीस पसरा, वारा अडवा आणि प्रत्येक पिल्लू जन्मताच सडाला लावा. पहिल्या 24 तासांतला चीक चुकला की रोगाशी लढण्याची शक्तीही चुकली.

आपल्या गुराढोरांची स्थिती नीट जाणून घ्यावी, असे नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायात सांगितले आहे. जनावराचे दान देणे सोपे. देखभाल शिकवायला वेळ लागतो. आपल्या दानाबरोबर त्या वेळेसाठीही प्रार्थना करा. येत्या थंडीत विणाऱ्या डुकरिणींची आणि त्यांच्यावर आशा ठेवून बसलेल्या घरांची आठवण ठेवा.