जुनी ऑक्टाव्हिया व्हीआरएस घ्यावी का?

प्रश्न : २०१७ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस बघितली आहे. ७८,००० किलोमीटर झालेत. घेऊ का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : गाडी मनापासून आवडावी अशीच आहे. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती आणि वर घरच्यांचं सगळं सामान गिळणारी डिकी! पण आधी सर्व्हिसच्या नोंदी मागा. हिच्या सहा गिअरच्या डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे क्लच तेलात बुडालेले असतात. ते तेल साधारण ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं. ते बदलल्याची पावती नसेल, तर किंमत चांगलीच पाडून मागा. थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाजवळ कूलंट गळतो, ही या इंजिनाची जुनी खोड; लिफ्टवर घेऊन तपासा. सकाळी थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला लावा. ट्रॅफिकमध्ये हळू चालवताना झटके बसतात का, हेही बघा. ताकद वाढवायला ‘रिमॅप’ केलेली गाडी मी तरी घेणार नाही. आधीच्या मालकाने ती किती पिळली, हे कळत नाही. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी, शिवाय ई-चलनंही तपासा.

नोंदी पूर्ण असतील तर जरूर घ्या. नसतील तर सोडा.