न झाडलेला कोपरा

पुण्यात तळमजल्यावर राहतो आम्ही. घरापुढे चार खाटा मावतील एवढी माती आहे, तिला मी बाग म्हणते. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा ठरवलं, ही बाग पक्ष्यांनी भरून टाकायची. दुर्बीण आणली, सलीम अलींचं पुस्तक आणलं, रुंद काठांची टोपीसुद्धा आणली. सगळी तयारी झाली, पक्षी तेवढे आले नाहीत. पुढे आले, पण ते मी केलेल्या गोष्टींमुळे फार थोडे. त्याचाच हा हिशेब.

१. घर बांधून दिलं म्हणून भाडेकरू येतोच असं नाही. प्रदर्शनातून मी लाल छपराचं, इवल्या खिडकीचं लाकडी घरटं आणलं. पहिल्या वर्षी त्यात एक पाल राहिली. दुसऱ्या वर्षी बहुधा तीच. चिमण्यांनी संसार थाटला तो जिन्याखालच्या मीटरबॉक्सच्या फटीत, जिथे ना रंग, ना खिडकी. ते घरटं मी चिमणीसाठी नव्हे, माझ्या डोळ्यांसाठी घेतलं होतं, हे कबूल करायला मला वेळ लागला.

२. देखणं फूल वेगळं आणि मधाचं फूल वेगळं. नर्सरीतून हौसेनं डबल जास्वंद आणली. गुलाबी, भरगच्च, आल्यागेल्यानं थांबून बघावी अशी. शिंजीर तिच्याकडे ढुंकून बघेना. तो जायचा सासूबाईंनी कुंपणाशी लावलेल्या साध्या, पाच पाकळ्यांच्या लाल जास्वंदीकडे. तिथेही पुढच्या दारानं नाहीच! फुलाच्या बुडाशी बाकदार चोच खुपसून मागच्या मागे मध लंपास. ही फुलं रोज गणपतीला जायची. आता परडीत निम्मीच येतात. "अगं, राहू दे झाडावर, देव काही रागवत नाही," हे सासूबाईच म्हणाल्या.

३. ज्याला मी कीड म्हणत होते, तो कुणाचा तरी खाऊ होता. कढीपत्त्यावर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या व्हायच्या. लहानपणी त्या हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, म्हणून सुरुवातीला मी खूश! नंतर शेंडे फस्त झाले तेव्हा फवारणीचा पंप हाती घेतला. एका सकाळी मीटरबॉक्सपाशी चिमणी दिसली, चोचीत हिरवी अळी लोंबत होती. चिमणी स्वतः दाणे टिपत असली तरी पिलांना भरवते ते मुख्यतः किडे आणि अळ्या. मी एकीकडे चिमणीला बोलावत होते आणि दुसरीकडे तिच्या पिलांचं ताट पुसून टाकत होते. पंप माळ्यावर गेला. आमटीला कढीपत्ता तरीही पुरतो.

४. जळमट हा बांधकामाचा माल आहे. पाडव्याआधी दरवर्षी मी पोर्चमधली जाळी काढते. एका वर्षी कंबर धरली म्हणून काम राहिलं. मार्चमध्ये शिंजिराची मादी पोर्चच्या कोपऱ्यात थरथरत थांबायची, जाळं चोचीत गुंडाळायची आणि उडायची. कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला तिनं पिशवीसारखं घरटं टांगलं. गवत, सालीचे तुकडे, कापूस, अळ्यांची लेंडी, सगळं कोळ्याच्या धाग्यानं बांधलेलं. बाजूला दार आणि दारावर बोटाच्या पेराएवढी पडवी. लांबून वाटावं, वाऱ्यानं अडकलेला कचरा. नर समोर बसून गात होता. एक काडी आणेल तर शपथ! मी न बोलता यजमानांकडे बघितलं. कपडे महिनाभर गच्चीत वाळले.

५. दाणे टाकणं सोपं, निस्तरणं अवघड. मूठभर ज्वारी ठेवायला लागले ती चिमण्यांसाठी. आले पारवे. आधी दोन, मग वीस, मग वरच्या मजल्याची तक्रार, आणि तक्रार रास्त होती. दाणे बंद करून मातीचं उथळ परळ ठेवलं. दोन इंचांहून कमी पाणी, मध्ये टेकायला एक दगड. रोज घासायचं, नाहीतर डासांचीच सोय. एप्रिलच्या दुपारी बुलबुल त्यात अंघोळ करून निम्मं पाणी बाहेर उडवतो. मी पुन्हा भरते. एवढी सेवा मी घरात कुणाची केलेली नाही.

६. या बागेची माळीण मी एकटी नाही. तारेखाली कढीपत्त्याची रोपं उगवली, ती मी लावली नव्हती. बुलबुल काळी फळं खातो, तारेवर निवांत बसतो आणि बी खाली सोडतो. सिंगापूर चेरीही अशीच आली. आता तिच्यावर तांबट येतो. भिंतीच्या भेगेतला पिंपळ मात्र काढावा लागला; सगळीच लागवड काही मान्य करता येत नाही. पण रोपांसाठी मी मोजलेले पैसे आणि त्यांनी फुकट लावलेली झाडं यांची तुलना करायचं मी टाळते.

७. प्रेमाचाही उपद्रव होतो. हे शेवटी सांगते, कारण अजून बोचतं. कुंदाच्या वेलात बुलबुलाचं घरटं होतं, त्यात दोन पिलं. मी दिवसातून चारदा पानं बाजूला सारून बघायची, फोटो काढून नातेवाइकांना पाठवायची. एका सकाळी भारद्वाज दिसला. भारद्वाज दिसणं शुभ, म्हणून मी सासूबाईंना हाक मारून खिडकीशी आणलं. तो वेलातून बाहेर पडला तेव्हा घरटं रिकामं होतं. त्याला वाट मी दाखवली की त्याची त्यालाच सापडली, कोण जाणे. तो त्याच्या पोटासाठी आला होता, मी कशासाठी डोकावत होते? बुलबुलाची जोडी दोन दिवस अळी घेऊन त्या वेलापाशी येत राहिली. तेव्हापासून घरटं दिसलं की मी वाट बदलते.

टोपी आता खुंटीवर असते. दुर्बीण सासूबाईंकडे, त्या पलंगावरून माझ्याहून जास्त पक्षी बघतात. तुमच्याकडे माती नसेल, नुसती खिडकी असेल, तरी यंदा पाडव्याची साफसफाई करताना छताचा एक कोपरा राहू द्या. कुणी नावं ठेवली, तर कंबर दुखते म्हणून सांगा.