माळ ओसाड नाही, ती मातीतली बचत आहे

सख्यांनो, पावसाळा जवळ आला की गटाच्या बैठकीत विषय निघतो, "गायरान नुसतं पडून आहे, तिथं झाडं लावू या." झाडं लावणं चांगलंच. पण खड्डे घेण्याआधी त्या जमिनीत काय साठलंय, ते समजून घेऊ.

कोळसा, डिझेल जळालं की कार्बन वायू हवेत जातो. तो उष्णता धरून ठेवतो, म्हणून ऊन वाढतं, पाऊस लहरी होतो. झाड आणि गवत दोघंही पानांतून हा वायू घेतात. झाड बराचसा कार्बन खोडात, फांद्यांत ठेवतं. कुसळी, मारवेल, पवन्या ही गवतं मात्र जास्त करून मुळांत ठेवतात. जुनी बारीक मुळं मरून मातीत मिसळतात, नवी फुटतात. आपल्या बचतीसारखंच हे. थोडं थोडं, पण वर्षानुवर्षं. वणव्यात वरचं गवत जळालं तरी मातीतली ही ठेव बहुतेक शाबूत राहते. जमीन नांगरली, उकरली, की मात्र ती मोडते आणि कार्बन परत हवेत जातो.

आपला माळ म्हणजे तुटलेलं जंगल, असं आपण ऐकत आलो. पुण्याच्या आयसर संस्थेतले दिग्विजय पाटील आणि मूळ अभ्यास गवताळ प्रदेशांचा असलेले आशिष नेर्लेकर या तरुण संशोधकांनी जुनं मराठी साहित्य, ओव्या, कथा यांत झाडांचे उल्लेख शोधले. त्यांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात हिवर, तरटी अशी मोकळ्या माळावरची काटेरी झाडं शेकडो वर्षांपासून दिसतात. पंढरपुरात संत कान्होपात्रेच्या नावाशी जोडलेलं झाडही तरटीचंच. म्हणजे माळ हा माळच होता. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा राहतो, तोही अशाच माळावर.

मग आपण काय करायचं?

१. झाडं बांधावर, घराशेजारी, शाळेत, रस्त्याकडेला लावा. चांगलं गवत असलेल्या माळावर दाट लागवड नको. दाट सावलीत गवत मरतं.

२. गायरानाचे भाग पाडून आळीपाळीनं चारा. एक भाग पावसाळ्यात राखा.

३. गवत कापताना बुडखा ठेवा, आणि बी पडायला एक पट्टा न कापता सोडा.

४. गायरानावर लागवड किंवा नांगरट ठरत असेल, तर ग्रामसभेत गवताची बाजू मांडा. चाऱ्याचा भारा आपल्याच डोक्यावर येतो, तेव्हा बोलायचा हक्कही आपलाच.

करून बघा: बांधावरचा गवताचा एक ठोंब मातीसकट काढा. शेजारच्या नांगरलेल्या रानातलं ढेकूळ घ्या. दोन्ही फोडून रंग, मुळं, ओल बघा. मग ठोंब परत लावा.

बैठकीत चर्चेसाठी: आपल्या गावात 'पडीक' म्हणून लिहिलेल्या जमिनीवरून वर्षभरात किती घरांना चारा मिळतो? घरं मोजा आणि आकडा गटाच्या वहीत लिहा. ग्रामसभेत तोच कामाला येईल.